नानांचा पडीक फड

मेहरूण तलावात त्या काळी तीन प्राणी नेमानं पोहायचे. म्हशी, बदकं आणि माझे घरमालक नाना. म्हशी पाण्यात शिरल्या की डोळे मिटून घ्यायच्या, बदकं कलकलाट करायची, आणि घरमालक मान ताठ ठेवून, डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीला थेंब लागू न देता, सभेत अध्यक्षांच्या खुर्चीकडं निघालेल्या माणसासारखे पलीकडच्या काठाकडं निघायचे. टोपीच्या आत मनगटी घड्याळ असायचं. घड्याळाला पाणी चालत नव्हतं आणि नानांना घड्याळावाचून चालत नव्हतं, त्यावर काढलेली ही तोड. एकदा भर तलावात एका म्हशीनं बाजूला सरकून त्यांना वाट दिली आणि नानांनी मान लववून तिचे आभार मानले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. शेजारच्या अक्का म्हणतात, आभार-बिभार काही नाही, टोपी घसरली म्हणून मान हलवली. अक्का काठावर नव्हत्या. मी होतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी जळगावात एका शाळेत चित्रकला शिकवायचो आणि नानांच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. नाना पाटबंधारे खात्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले, वय त्रेसष्ट, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, एकुलता मुलगा नाशिकला. मागच्या खोल्यांत ते एकटे. एकटे म्हणजे ते, त्यांची सायकल आणि त्यांचं वेळापत्रक. सायकल अशी वजनदार की ती उभी केली की फरशी कण्हायची. वेळापत्रक तिच्याहून वजनदार.

नानांना वाहून जाणारं पाणी बघवत नसे. कुणाचा नळ ठिबकताना कानावर आला की ते त्या घरात शिरत. ओळख असो, नसो. एकदा बळीराम पेठेत एका घरी मुलगी बघण्याचा कार्यक्रम चालू होता. नाना सरळ आत गेले, पाहुण्यांच्या मधून वाट काढत मोरीत पोचले, नळ बंद केला, बाहेर आले आणि मुलीच्या बापाला म्हणाले, "वायसर बदला." पाहुणे समजले, मुलीचा थोरला काका. लग्न जमलं. पत्रिकेत नानांचं नाव होतं असं मी म्हणत नाही, पण आमंत्रण आलं होतं आणि आम्ही दोघं जेवून आलो होतो.

त्यांचं हे पाण्याचं वेड खात्यातलं नव्हतं, रक्तातलं होतं. नानांचं गाव तिकडे धुळ्याच्या पश्चिमेला, साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या अलीकडे. तिथं नदीवर जुने बंधारे आहेत आणि त्या पाण्यावर फडाची शेती चालते. फड म्हणजे काय, हे नानांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मी वर्गात आंब्याचं चित्र काढताना चुकून फड काढायचो. गावची सगळी भिजणारी जमीन चार तुकड्यांत वाटायची. एकेक तुकडा म्हणजे एकेक फड. एका फडात ऊस, एकात गहू, एकात हंगामाप्रमाणे काहीतरी, आणि चौथा त्या वर्षी पडीक. पुढच्या वर्षी दुसरा पडीक. मालक कितीही असोत, फडाचा नियम सगळ्यांना एक. पाणी सोडणारा माणूस पाटकरी. नानांचे वडील पाटकरी होते.

"मास्तर, आमच्या गावात बाप मेला तरी पोरगा पाळी सोडून पाणी घेत नव्हता," नाना सांगायचे. "आणि पडीक फडात नांगर? गाव वाळीत टाकेल."

तर या माणसाच्या हातात एके दिवशी शेंगदाण्याची पुडी आली.

पुडीचा कागद गुळगुळीत, इंग्रजी मासिकाचा. नानांनी शेंगदाणे माझ्या ओंजळीत ओतले आणि कागद सरळ केला. त्यावर परदेशातल्या एका म्हाताऱ्याचे तीन फोटो होते. एकात तो समुद्रात पोहतोय, एकात सायकलवर, एकात पळतोय. अंगावर म्हणावं असं काही नाही.

"काय लिहिलंय?"

मी वाचून सांगितलं. ट्रायथलॉन नावाची शर्यत असते. आधी पोहायचं, लगेच सायकल, लगेच पळायचं. मध्ये बसायचं नाही. या गृहस्थांनी ती पुरी केली.

"वय?"

"पासष्ट."

नाना बराच वेळ त्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोन वर्षं आहेत आपल्याकडे." आणि माझ्या ओंजळीतले शेंगदाणे न खाताच आत गेले.

दुसऱ्या कुणी असतं तर सकाळी उठून पळायला लागलं असतं. नाना महिनाभर एक पाऊल पळाले नाहीत. ते आखत होते. महिन्यानं त्यांनी मला मागं बोलावलं. टेबलावर खात्यातून येताना आणलेलं निळसर ट्रेसिंगचं कापड, एवढं मोठं की त्यात आमच्या शाळेचा गणवेश शिवता आला असता.

"मास्तर, माझा नकाशा काढा."

"कुठला?"

"माझा. उभा. डोक्यापासून नखापर्यंत."

मी आठ दिवस संध्याकाळी बसून नाना काढले. पूर्ण मापाचे. त्यांनी मागं उभं राहून सूचना दिल्या. काळीज म्हणजे बंधारा. तिथून दोन पाट खांद्यांकडे, दोन खाली मांड्यांकडे. पाटाला चाऱ्या, म्हणजे बारके पाट. मग त्यांनी स्वतः लाल पेन्सिलनं शरीराचे चार फड पाडले. हातांचा फड, त्यात पोहणं. मांड्यांचा फड, त्यात सायकल. पोटऱ्यांचा फड, त्यात पळणं. आणि छातीचा फड, त्यात दम वाढवायला टेकडी चढणं. दर आठवड्याला तीन फड भिजवायचे, चौथा पडीक. आठवडा बदलला की पडीक फड बदलला.

"बठ्ठं पानी एकच फडले दिधं, त बाकीना काय करतीन?" रंगात आले की नाना गावच्या अहिराणीत घसरायचे; बठ्ठं म्हणजे सगळं. "या वयात जमीन थकलेली असते, मास्तर. पाण्यानं पीक येतं, पण जमीन राहते ती पडीक ठेवल्यानं."

"पण नाना," मी अडचण काढली, "शर्यतीच्या दिवशी तिन्ही लागणार. आणि कुठला ना कुठला फड तर कायम पडीक."

नाना हसले. हा प्रश्न मी विचारावा म्हणूनच ते महिनाभर थांबले असावेत. नकाशाच्या कडेला वर्षाच्या आठवड्यांची पट्टी होती. तिच्यात तीन-तीन महिन्यांवर एक आठवडा लाल भरलेला. "सुगी. त्या आठवड्यात काहीच पडीक नाही. पीक कापायचं."

आता हा नियम कागदावर शहाणपणाचा. पण नाना तो पाळायचे. हातांचा फड पडीक असला की त्या आठवड्यात ते हातानं जड काही करत नसत. सायकलसुद्धा कोपरं टेकवून चालवत. अक्का त्यांच्या घागरी भरून द्यायच्या आणि म्हणायच्या, "काय हो नाना, या वारी हात बिघडले का?" नाना म्हणायचे, "बिघडले नाहीत. निजलेत." एका लग्नात नवरदेवाच्या बापानं वाकून नमस्कार केला, तर नानांनी हात शिवून टाकल्यासारखे ठेवून नुसती मान डोलावली. तो बाप तीन महिने बोलत नव्हता. छातीच्या आठवड्यात ते कुजबुजत बोलायचे, त्यामुळं आळीत सगळ्यांना वाटायचं की नानांना काहीतरी गुपित कळलंय, आणि गर्दी व्हायची.

पोटऱ्यांच्या आठवड्यात तर कहर. शनिवारच्या बाजारात एक वळू सुटला. लोक वाट फुटेल तिकडे धावले, एका हातगाडीवरच्या भरताच्या वांग्यांचं रस्त्यावरच भरीत झालं. नाना रस्त्याच्या मधून शांतपणे चालत होते. मी दुकानाच्या फळीवर चढून ओरडलो, "नाना, पळा!"

"पोटऱ्या पडीक शेत!" ते ओरडले आणि त्याच चालीनं चालत राहिले.

वळू त्यांच्यापासून दोन हातांवर येऊन थांबला. पळणाऱ्याच्या मागं धावायचं हे त्याला ठाऊक होतं, न पळणाऱ्याचं काय करायचं हे कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यानं नानांचं धोतर हुंगलं आणि तो परत गेला. अक्कांच्या मते वळू म्हातारा होता. असेल. पण म्हातारा वळू आणि म्हातारा माणूस यांच्यात कोण माघारी फिरलं, ते बाजारानं पाहिलं.

आणि खरं सांगायचं तर आखणीत दम होता. तालमीतल्या तीन जवान गड्यांनी नानांची चेष्टा करून रोज सगळंच करायला घेतलं. दहाव्या दिवशी एकाचा खांदा गेला, एकाचा गुडघा, आणि तिसऱ्याला खाटेवरून उठवायला बाकीचे दोघे येऊ शकले नाहीत. नाना सहा महिन्यांत तलावाला आडवे चार फेरे मारत होते आणि सायकलवर पाळधीला जाऊन चहा न पिता परत येत होते.

मग नाना पडले.

तलावात नाही, सायकलवरून नाही. न्हाणीघरात. साबणावरून पाय घसरला. सकाळी सातला पडले ते दुपारी तीनला मी शाळेतून आलो तोवर तिथंच. अक्का नेमक्या जामनेरला लेकीकडे गेलेल्या. न्हाणीघराला आतून कडी होती; दार तोडून आत गेलो तर नाना भिंतीला टेकून बसलेले, ओठ निळे, आणि पहिलं वाक्य, "नळ बंद करा आधी." नळ मी बंद केला. हाड मोडलं नव्हतं. आठ तास गार फरशीवर मात्र काढले होते.

मुलगा दुसऱ्या दिवशी आला. नाशिकला कारखान्यात नोकरीला, पस्तिशीचा, पोट सुटलेला, स्वभावानं गरीब. बापासमोर आवाज चढवताना मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"नाना, बस झालं. सामान बांधा. माझ्याकडे चला."

"मी नाही येत."

"मी तिकडे आठ तास कारखान्यात होतो, आणि तुम्ही इथं... आठ तास, नाना! मला रात्री झोप येईल का आता?"

"पडलो साबणानं. पोहण्यानं नाही."

"कशानंही पडा! उचलायला कोण आहे?"

नाशिकला मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर, तलाव नाही, सायकलीला जागा नाही. नानांनी मला नंतर सांगितलं, "तिथं मी पाहुणा. पाहुण्याला काय काम? बसून राहायचं." त्यांना मरणाची भीती नव्हती, बसून राहण्याची होती. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि अशा भांडणात तिसऱ्या माणसानं उभं राहणं फार अवघड असतं. मी राहिलो, कारण बाहेर जायची वाट त्या दोघांच्या मधून होती.

शेवटी नानांनीच तोड काढली. ट्रायथलॉन. मेहरूणमध्ये चार फेरे पोहून, सायकलनं पाळधीला जाऊन-येऊन, पायी कुसुंब्याला जाऊन-येऊन दुपारी बाराच्या आत तलावाच्या काठावर हजर. कुणी हात द्यायचा नाही, उचलायचं नाही. झालं, तर नाना जळगावात. नाही झालं, तर त्याच दिवशी नाशिक, पुन्हा विषय नाही. मुलगा पंच. दिवस फेब्रुवारीतल्या सुगीच्या आठवड्यातला. मी ड्रॉइंगच्या कागदावर वळणदार अक्षरात करार लिहिला. बाप-लेकांनी सह्या केल्या. मुलाला वाटलं, म्हातारा पाळधीच्या पुढं जात नाही. नानांना ठाऊक होतं, आपण जातो.

आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मुलाचं कार्ड आलं. फेब्रुवारीत रजा मिळत नाही. सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आहे, तेव्हाच येतो.

नानांनी कार्ड वाचलं आणि नकाशासमोर जाऊन उभे राहिले. मीही मागं जाऊन पाहिलं. सव्वीस जानेवारीच्या आठवड्यात पडीकची खूण पोटऱ्यांवर होती. पोटऱ्या पडीक.

"नाना, एक आठवडा पुढं-मागं करा ना. तुमचाच नकाशा, तुमचीच पेन्सिल."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खोडरबर खिशात परत घातलं.

"मग त्याला कळवा, जमत नाही म्हणून."

"पंचानं दिलेला दिवस नाकारायचा? मग तो म्हणेल, म्हातारा भ्याला."

"मग पळा त्या दिवशी. एक दिवस!"

"एक दिवस, मास्तर? आमच्याकडे एकानं एक दिवस, एक घटकाभर पाळी सोडून पाणी घेतलं होतं. त्याच्या नातवाला अजून लोक त्याच नावानं हाक मारतात."

म्हणजे हा माणूस घर सोडायला तयार होता, पण पोटऱ्यांची पाळी मोडायला तयार नव्हता. अक्का कळवळून म्हणाल्या, "अरे बापा, काय पोटऱ्या घेऊन बसले! तिकडे नाशिकला गेल्यावर कुठी न्याल त्या पोटऱ्या?" नाना त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र माझ्या दारात हसत उभे.

"मास्तर, करारात काय लिहिलंय? कुसुंब्याला कसं जायचं?"

मी काढून वाचलं. "पायी."

"पळत नाही ना लिहिलं?"

"नाही. पण..."

"पडीक फडात नांगर चालत नाही. पण गुरं चरायला सोडतात. ती मुभा पहिल्यापासून आहे." ते डोळे मिचकावत म्हणाले. "मी पळणार नाही. चरत जाणार."

मग त्यांनी कागद-पेन्सिल घेतली. साडेसहाला पाण्यात. सव्वानऊला सायकल संपवून पायी. कुसुंबा जाऊन-येऊन चालीनं अडीच तास. बाराला दहा-पंधरा मिनिटं कमी. "मध्ये कुणी थांबवलं नाही, तर," ते म्हणाले.

त्या सकाळी थंडी अशी होती की म्हशी काठावरच उभ्या राहून विचार करत होत्या. नाना टोपीत घड्याळ ठेवून उतरले. चार फेरे. मुलगा काठावर स्वेटर, मफलर, वर शाल पांघरून कुडकुडत होता आणि बाप ओला बाहेर आला तर अंगातून वाफा निघत होत्या. त्या वाफेवर अक्कांनी चहा केला असं मी सांगत असतो, ते थोडं वाढवून. मग सायकल. मुलगा माझी मोपेड चालवत होता, मी मागं बसलो होतो. पाळधीहून परत येताना उतारावर नाना आमच्यापुढं गेले आणि पंचाला गाडीचा कान पिळावा लागला. सव्वानऊला पाच मिनिटं असताना ते सायकलवरून उतरले. मुलाचा चेहरा पडला होता. हसावं की घाबरावं ते त्याला कळत नव्हतं.

"आता पळा," तो म्हणाला.

"घाई कसानी शे?" म्हणाले नाना, आणि चालायला लागले.

माणूस ज्या वेगानं चालतो त्या वेगानं मोपेड चालवून बघा. पहिल्या मैलातच ती तापली, खोकली आणि बंद पडली. मुलगा पायडल मारतोय, मी ढकलतोय. नाना पुढं गेले असते तर गेले असते. पण ते उभे राहिले. "पंच मागं राहिला तर चाललेलं बघणार कोण?" म्हणून उभे राहिले. पंधरा मिनिटं गेली. मोपेड सुरू झाली नाही. मग मुलगा बापाबरोबर चालू लागला, आणि मोपेड मी ढकलत मागून. या सगळ्या शर्यतीत खरी कसरत कुणी केली असेल तर ती मी. कुठल्या मासिकात माझा फोटो आला नाही.

बाप-लेक पुढं चालले होते. अर्धं मला ऐकू यायचं, अर्धं मोपेडच्या खडखडाटात जायचं. मुलाच्या पायात कारखान्याचे कातडी बूट. कुसुंब्याच्या अलीकडे तो लंगडायला लागला. नानांनी त्याला बांधावर बसवलं, बूट काढायला लावले, फोड बघितले, आपल्या धोतराची किनार फाडून बोटांना गुंडाळली. वीस मिनिटं.

"नाना, तुम्ही पुढं व्हा. मी येतो."

"गप बस. लहानपणी तू बंधाऱ्यावर असाच अनवाणी यायचास. आजा तुला खांद्यावर घ्यायचा."

"आठवतं. पाट फुटला की मला काठावर ठेवून धावायचा."

कुसुंब्याहून परत फिरल्यावर एक केळीची बाग लागली. बागेची चारी फुटली होती आणि पाणी रस्त्यावर येत होतं. मालकाचा पत्ता नाही. मी मनात म्हटलं, आता नाही, नाना, आज नाही. मुलगा मोठ्यांदा म्हणाला, "नाना, घड्याळ बघा! बाराला थोडीच मिनिटं कमी आहेत!" नानांनी घड्याळ बघितलं. मग पाण्याकडं बघितलं. मग धोतर खोचलं आणि चिखलात उतरले. फावडं नव्हतं, हातांनी माती ओढली, केळीची सोपटं दाबली, वरून टाचांनी तुडवलं. पाणी वळलं. दहा मिनिटं गेली. कुणी सांगितलं नव्हतं, आमच्याशिवाय कुणी बघत नव्हतं, आणि आपलं घर चाललंय हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तलावाच्या काठावर पोचलो तेव्हा पाऊण वाजायला पाच मिनिटं होती. बारा होऊन चाळीस. अक्का भरीत-भाकरीचा डबा घेऊन सकाळपासून उभ्या. त्यांनी आमची तोंडं बघितली आणि डबा मागं लपवला.

नाना दगडावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हरलो," ते म्हणाले. "चल. सामान बांधतो."

मुलगा फाटक्या धोतराच्या चिंध्या गुंडाळलेले पाय पाण्यात सोडून बसला होता. तो उठला नाही.

"नाना, पाळी चालू असताना दुसऱ्याच्या चुकीनं पाणी तुटलं, तर तेवढा वेळ भरून देतात ना?"

"देतात."

"मोपेड माझ्यामुळं बंद पडली. पंधरा मिनिटं. बूट माझे. वीस मिनिटं."

"पस्तीस झाली," नाना लगेच म्हणाले. "चाळीसला पाच कमी. हरलोच."

"चारीला दहा मिनिटं गेली."

"ती माझी. मी थांबलो. तू थांबू नको म्हणत होतास."

"हो. मी चुकीचं म्हणत होतो."

"ते काही नाही. मी माझ्या मनानं उतरलो. ती दहा धरायची नाहीत. मी हरलो."

"नाही हरलात!"

"अरे, मी सांगतो ना, हरलो! अक्कल आहे का तुला?"

काठावर लोक जमले होते. त्यांना वाटलं, बाप-लेक जमिनीवरून भांडताहेत. मी आयुष्यात भांडणं खूप पाहिली, पण पंच स्पर्धकाला ओढून जिंकवतोय आणि स्पर्धक हातपाय झाडून हरायला बघतोय, असं हे एकच.

मुलगा उठला. लंगडत बापासमोर येऊन उभा राहिला.

"नाना, एकच सांगा. पाट फुटलेला दिसला, तर पाटकरी पुढं जाऊ शकतो?"

नानांनी पाण्याकडं बघितलं.

"नही," ते हळूच म्हणाले. "नही जाता येस."

"मग ती दहा मिनिटं तुमची कशी? ती पाटाची. आज्यानं मला हेच शिकवलं, बंधाऱ्यावर."

नानांनी टोपी उचलून घातली, पुन्हा काढली. मग त्यांनी मुलाला असं काही विचारलं की जे त्यांनी आयुष्यात कुणाला विचारलं नसेल.

"मग मी राहू इथं?"

"रहा," मुलगा म्हणाला. "पण नाना, न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही. कधीच नाही. एवढं ऐका माझं."

"बरं," नाना म्हणाले.

अक्कांनी डबा पुढं केला. चौघांनी तिथंच, दगडावर बसून भरीत खाल्लं. मुलगा तीन भाकरी खाऊन गेला आणि नानांनी त्याच्या पानात चौथी टाकली.

संध्याकाळी तो नाशिकच्या गाडीत बसला. मी बॅग द्यायला गेलो होतो. गाडी सुटायला आली आणि नाना धापा टाकत आले. चालतच आले, पोटऱ्या पडीक होत्या ना, पण असे चालत की त्याला चरणं म्हणायला मी तयार नाही. त्यांनी खिडकीतून मुलाच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी दिलं.

"काय आहे?"

"घे. तुझ्याकडेच ठेव."

गाडी हलली. मुलानं कागद उलगडला. न्हाणीघराच्या दाराची कडी होती, चारही स्क्रूंसकट.